दोन दारांचं देऊळ

माझं मराठी शुद्ध आहे, अशी अफवा कुणीतरी सिल्वासाभर पसरवलीय. त्यामुळे जवळच्या रांधा गावातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्यासारख्या चिपळूणच्या हिंदू मास्तराच्या गळ्यात पडलं. माहिती द्यायला मंडळीतले दोन म्हातारे त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आले, याकूबकाका आणि शमुवेलकाका.

मी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढ्याशा देवळाला दोन दारं कशाला?"

याकूबकाका म्हणाले, "आमच्या पंथात भांडण चालत नाही, सर. हात उचलायचा नाही, शब्दानंही दुखवायचं नाही. म्हणून वीस वर्षं मी ह्याच्याशी बोललोच नाही. तो त्या दारानं येतो, मी ह्या."

"पण तुमच्यात एकमेकांचे पाय धुतात ना?"

"धुतो की! दर वर्षी मीच ह्याचे धुतो. रीत म्हणजे रीत."

शमुवेलकाका माझ्याकडे बघत म्हणाले, "सर, त्याला विचारा, ऐन थंडीत माठातलं पाणी का आणतो?"

"सर, त्याला सांगा, आधी मोजे काढून बस म्हणावं."

मी घाईनं विचारलं, "मग इतिहासात भांडणाचं काय लिहू?"

दोघंही एकदम ओरडले, "लिहा, मंडळीत भांडण कधीच झालं नाही!"

मला भरून आलं. म्हटलं, हे वाक्य दोघांच्या नावानं छापू.

"आधी मी बोललो," याकूबकाका म्हणाले.

"सर, खरं सांगा, आधी कोण बोललं?" शमुवेलकाकांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोघं एकदमच बोललात."

तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. परवा गेलो, तर गवंडी देवळाची भिंत फोडत होता. म्हणाला, "तिसरं दार, सर. तुमच्यासाठी."