कुसळं काढणारा तो कोण

...आन् वरून मलेच विचारते, "तो कोण आहे?" अरे कोण आहे म्हणजे काय, कोणीच नाई! तुम्हाले सांगते, कादंबरी लिहाव, खुशाल लिहाव, पण साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी छापून आणू नये माणसानं, बस.

नाई, तुम्ही शांतपणे ऐका, मी शांतपणे सांगते... म्हणजे प्रयत्न करते. मायी पयली कादंबरी. नववी-दहावीच्या पोट्ट्यांसाठी, तीनशे वर्षांपूर्वीची प्रेमकथा, घोडे, गढी, तलवारी, सगळं. प्रकाशनवाल्या ताई पुण्याच्या, त्यायनं आधीच बजावलेलं, "हे बघा प्रेरणा, वाचक लहान आहेत, रोमान्स जरा बेतानं हं." आता बेतानं म्हणजे किती? मी म्हटलं, हात धरू का? नको. रडताना खांदा? अं... नकोच. मंग काय केलं मी, राजकन्या रानातून पळून येते, घागऱ्याच्या काठाले हे एवढाले कुसळं, आन् माया हीरो वीरभान, डावखुरा, गालावर तलवारीचा वण, तो मुकाट्यानं खाली बसते आन् एक-एक कुसळ काढते. झालं. एवढाच रोमान्स. दीड पान.

आन् त्याच पुस्तकात मी अख्खी फौज नदीत बुडवली हो. एक माणूस आला नाई विचाराले, का बाई हे लोकं कोण होते, कायले बुडवले. पण कुसळं? साऱ्या यवतमाळाले कुसळाचं पडलं. शेजारच्या हंसाबाई भाजी घेता घेता हळूच, "कुसळं कोणं काढले व?" गझाला, मायी पहिलीपासूनची मैत्रीण, ती रुसून बसली, म्हणे मलेबी नाई सांगतलं तू. काय सांगू? तो कोण आहे, तो कोण आहे... कोणी नाई!

बरं, हे लोकं जाऊ द्या. पण अंकुर?

अंकुर म्हणजे ज्याच्यासंग मायं लग्न जमलं तो. घाटंजीचा. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, बेल्ट, फिल्टर, बेअरिंग. आता खरं सांगते, मले तो आवडला होता. म्हणजे... आवडते. पाहाले आलता तवा स्वयंपाक येते का असं नाई विचारलं त्यानं, विचारलं काय, "लिहिताना चहा लागते का कॉफी?" अशाले नाई कोण म्हणन? आन् दोन्ही घरं मिळून पुस्तक पूर्ण वाचणारा तो एकटा. आमच्या बाबांनी फक्त मागचा फोटो पाह्यला, म्हणे ओढणी सरळ नाई.

तर वाचलं त्यानं, आन् आला. तोंड पार बेअरिंग जाम झाल्यासारखं. म्हणे, "प्रेरणा, तो कोण आहे?"

आन् इथंच माती खाल्ली मी. मले म्हणायचं होतं, काल्पनिक आहे. पण काल्पनिक हा शब्द पेपरात लिहायचा, घरात तोंडातून निघते का? मी आपली साधी बोलली, "अरे कोणी नाई, मनातला आहे."

मनातला!

त्याचं तोंड पाहाव तुम्ही. म्हणे, मनातला? मी म्हटलं, हो नं, लहानपणापासून. अरे म्हणजे गोष्टी रचायची सवय लहानपणापासून! पण तो कुठं ऐकते. म्हणे रोज दिसे का? मी म्हटलं, लिहाले बसली का दिसे... जितकं समजावून राह्यली, तितकी खोल जाऊन राह्यली. उठला आन् म्हणे, नाव सांगशीन तवा साक्षगंध.

मंग त्याच्या आईचा फोन. कौसल्याबाई. आवाज एकदम गोड, "पोरी, आमचं काई म्हणणं नाई, पण तो डावखुरा आहे म्हणते नं?" झालं, यवतमाळातले डावखुरे शोधणं सुरू. माया क्लासचे सर डावखुरे निघाले. एक दाताचा डॉक्टर निघाला. कौसल्याबाई दाढ दुखते असं खोटंच सांगून त्याले पाहून आल्या, म्हणे गालावर वण नाई दिसला, पण दाढी आहे, सांगता येत नाई.

आमची आई म्हणे, एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव सांग आन् मोकळी हो. मी म्हटलं, आई, तीनशे वर्षांपूर्वीचा आहे तो, आणखी किती मारू?

शेवटी म्हटलं, सिद्धच करून दाखवते. बस पकडली, घाटंजी, सरळ दुकानात. आन् पाहते तं काय... काउंटरवर बेल्टच्या बाजूले माया पुस्तकाची थप्पी. एक काका रोटावेटरचं पातं घ्याले आलते, आन् अंकुर त्यायले सांगून राह्यला, "काका, तुमची पोरगी नववीत आहे नं, हे घेऊन जा. त्यातला वीरभान सोडून द्या, बाकी मस्त आहे."

मासंग बोलत नाई, आन् मायंच पुस्तक विकते! मले रडू आलं हो तिथंच, ग्रीसच्या डब्याजवळ.

मी म्हटलं, अंकुर, बस आता. मनातला म्हणजे कसा ते पाह्य, तुयासमोर नवीन हीरो बनवते. आन् बनवला. होडीवाला. खर्जातला आवाज, बोलणं कमी, ओले केस कपाळावर, कोणी बुडालं का पयले हाच उडी मारते... अख्खा माणूस उभा केला मी त्या दुकानात. काका पातं हातात धरून ऐकून राह्यले. संपलं. मले वाटलं, पटलं बाप्पा.

अंकुर म्हणे, "हा दुसरा कोण आहे?"

आन् काका म्हणते, "पोरी, तुया पयलाच बरा असन."

मी हात टेकले. म्हटलं, मंग काय करू तूच सांग. लय वेळ एक बेअरिंग पुसत बसला. मंग खाली पाहूनच म्हणे, "पुढच्या पुस्तकात मले घे. मंग नाई विचारणार."

घेतलं नं बाप्पा. साक्षगंध झालं, अंगठी घातली, आन् मी लिहाले बसली. तीनशे वर्षांपूर्वी ट्रॅक्टर नाई, म्हणून बैलगाडीच्या चाकाचं दुकान दिलं त्याले. बाकी अंकुर जसाच्या तसा. रुसते, हीरोइनसंग बोलत नाई, पण रुसल्या रुसल्या तिनंच रचलेल्या ओव्या गावभर सांगत फिरते. एक शब्द मी रचला नाई. पाठवली सुरुवात पुण्याले.

परवा ताईंचा फोन. "प्रेरणा, भाषा छान जमलीय हं. फक्त हा हीरो बदला. असा माणूस कुठं असतो का?"

लग्न मे महिन्यात आहे. अंकुर रोज विचारते, ताई काय म्हणाल्या.

मी म्हणते, वाचून राह्यल्या.