आधी पाणी

शिंचू शहरातल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या सू-च्यिन आजींचं लक्ष शेजारच्या दोन पोरींकडे होतं. थोरलीच्या उजव्या हाताला ओला रुमाल गुंडाळलेला होता.

"ताई, दुखतंय का गं?"

"सारखं सारखं विचारतेस, त्यानंच जास्त दुखतंय."

"मी तुझ्या प्रयोगशाळेत वाटीतल्या त्या कोरड्या पावडरीवर सरळ स्पिरिट ओतलं."

"ग्राफीनवर प्लॅटिनमचे इतके बारीक कण असतात, स्पिरिट पेट घेणारच. म्हणून आधी पाणी घालायचं, यिंग."

"तू हात घालून वाटी ढकलली नसतीस, तर माझं तोंड भाजलं असतं."

"ढकलली ना? मग झालं तर."

"पण तुझ्या प्रयोगातल्या फ्युएल सेलमध्ये घालायला तेवढीच उरली होती. तुझी पदवी लांबणार आता."

"पावडर पुन्हा बनवता येते. तुझं तोंड कुठून आणलं असतं?"

"ताई..."

"रडू नकोस. आज तूच मला भरवायचंस. गरम सूप आणलंस, तर आधी काय करशील?"

"आधी फुंकर घालेन."

"शिकली बाई एकदाची!"

तेवढ्यात आजींचा नंबर पुकारला. आजींनी आपली नंबराची चिठ्ठी थोरलीच्या डाव्या हातात कोंबली.

"जा, आधी तू जा."