सुमनअक्का आणि माझा चुकलेला शेरा

मिलिंदभाऊ, वहिनी, साक्रीकर मंडळी आणि धुळ्याहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सुमनअक्कांच्या शोकसभेला आज या विहारात बसायला जागा नाही, आणि तुम्ही बोलायला मला उभं केलंत. वर्गात मी तासभर बोलतो. आज चार ओळी कागदावर लिहून आणल्यात. सांभाळून घ्या.

सुमनअक्का तुमच्या नर्सबाई. माझ्या त्या संशोधनातल्या जोडीदार. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांच्या मेंदूला पुढे किती इजा राहते, हे आम्ही कितीतरी वर्षं तपासत होतो. तपासायचो आम्ही डॉक्टर, पण मुलं शोधून आणायच्या अक्का. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कधी परतणार, हे त्यांना आठवडी बाजारात कळायचं. आणि आम्हाला रागवायच्या किती! माझं पुणेरी बोलणं ऐकून म्हणायच्या, डॉक्टर अजून पुण्याच्या गाडीतून उतरले नाहीत.

एक मुलगी होती, आठ वर्षांची. ताप, झटके, दहा दिवस बेशुद्ध. वाचली. सहा महिन्यांनी तपासणीला धुळ्याला आणली. मी नाव विचारलं, चित्रं दाखवली, बोटं मोजायला सांगितली. पोर गप्प. मी फॉर्मवर शेरा मारला, आकलन नाही. वडिलांनी विचारलं, शाळेतून नाव काढू का? मी म्हटलं, काढा.

अक्का तिथंच होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पोरले बठ्ठं समजस. ती तुमले घाबरस." बठ्ठं, म्हणजे सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिच्या गावी नेलं. तिथं तपासणी वगैरे काही केली नाही. मुलीची आई मठ, म्हणजे मटकी, निवडत होती, अक्काही सूप घेऊन निवडायला बसल्या. खडे मुद्दाम तसेच ठेवत होत्या. मुलगी बघत होती. थोड्या वेळानं तिनं सूप स्वतःकडे ओढलं आणि अक्कांनी सोडलेला एकेक खडा वेचून काढला. मग अक्कांनी शेळीचं विचारलं. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, धाकट्याला दूध पुरत नाही, पोर सगळं सांगत बसली. अडखळत होती, हळू बोलत होती. पण आकलन नाही? मी तिथंच शेरा खोडला. तिचं नाव शाळेत राहिलं. आणि आम्ही आधी तपासलेली सगळी मुलं त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन पुन्हा तपासली.

मंडळी, एवढं शिकूनही मी काय केलं, ते आज तुमच्यासमोर सांगायलाच हवं.

दोन महिन्यांपूर्वी अक्कांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मी दवाखान्यात जाऊन कॉटच्या पायथ्याशी उभा राहिलो. विचारलं, अक्का, मला ओळखलंत का? हात वर करा. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि मी तिथंच, त्यांच्यासमोर, मिलिंदभाऊंना म्हणालो, आता त्यांना फारसं समजत नसावं.

कुणासमोर बोललो मी हे?

पुढच्या आठवड्यात अक्कांना घरी आणलं, तेव्हा तिथं गेलो. मिलिंदभाऊंनी दारातच सांगितलं, त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत रडत होती. मी खाटेवर त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, अक्का, चुकलो. त्यांनी डावा हात उचलला आणि सगळ्या घरासमोर माझा कान धरून ओढला. चांगला जोरात. मग तोच हात माझ्या गालावर ठेवला आणि अर्ध्या तोंडानं हसल्या. पन्नाशीचा विभागप्रमुख मी, पण रडलो. माझं आईइतकं प्रेम होतं त्यांच्यावर. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. बरं झालं, दाखवलं.

अक्का, जयभीम.

आता आपण सगळे उभं राहून दोन मिनिटं गप्प राहू. गप्प माणसाला सगळं समजत असतं, हे अक्कांना मला दोनदा शिकवावं लागलं.