नुसती फूक

दारव्ह्याच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बँडच्या लाल कोटातले दोन म्हातारे बसले होते.

"नागोराव, तुमच्या पोराचा, संघदीपचा, नवा अल्बम आला म्हणे."

"ऐकला मी. सॅक्सोफोन हाये, पण गाणं नाही. शेवटी तर नुसती फूक हाये."

"नुसती फूक?"

"मयताच्या घरापुढून वरात नेताना आपण वाजवणं बंद करतो, पण वाद्य थंड पडू नये म्हणून फुकत चालतो ना, तशी."

"ते कायले घेतलं त्यानं अल्बममंधी?"

"इचारलं, पुंडलिकराव. म्हणे, माय गेली त्या दिवशी पुंडलिककाकाचा बँड वरात घेऊन आपल्या दारापुढून गेलता."

"सूर बंद केलता मी."

"हो. म्हणे, फूक आत येत होती."

"मले वाटलं, आत कोणाले ऐकू नसन गेलं."