कान टवकारलेलं माप

— नाही, तो रंधा आधी खाली ठेवा, मिस्त्री, आणि नीट ऐका, कारण मी एकदाच सांगणार आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून ह्या हातात कात्री धरणार नाही. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतोय — बरं, अठ्ठावीस — पण माप चुकलं म्हणून एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही. एक आलं होतं. ते मध्यंतरी जाड झालं होतं. ते सोडा. आणि आज सकाळी विमानवाल्यांच्या भर कचेरीत, पन्नास माणसांसमोर — दहा धरा, दहा तरी होतीच — तुम्ही केलेली ही पेटी परत पाठवली. ही. तुमच्याच बिजागऱ्या, तुमचीच कडी, बघून घ्या. विमानातून कुत्रं न्यायचं तर पेटी आधी तिथे तपासून घ्यावी लागते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत ना? पाण्याचं भांडं सांडता कामा नये — नाही सांडलं. आतल्या आत गिरकी घेता आली पाहिजे — घेतली, दोनदा घेतली. डोक्यावर मोकळी जागा हवी — तीही होती. आणि तेवढ्यात माझ्या मुलीने लांबून नुसती हाक मारली, "वकील!" — आणि ह्याने कान टवकारले, आणि टक्. टक्, मिस्त्री! दोन्ही कान छताला. तिथल्या तपासणीवाल्या बाई लोखंडी पट्टी घेऊन वाकल्या, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "ही पेटी ह्या कुत्र्याची नाही." ह्या कुत्र्याची नाही! मग काय माझी आहे?

हो, हाच तो. भुशात नाक घालून दाराशी बसलाय तो. वकील हे नाव मी ठेवलंय — त्याला काहीही सांगा, मान तिरकी करून ऐकून घेतो, आणि चेहऱ्यावरून कळतं की त्याला ते अजिबात पटलेलं नाही. एकदा ह्याने भर रस्त्यात तीन बस अडवल्या होत्या. हसू नका. एक बस. — बरं बाबा, सायकल होती, पण डबलसीट होती. नात आणि हा एकाच वर्षी जन्मलेले, दोघंही सात वर्षांचे. नात शाळेत गेली की हा दिवसभर माझ्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली, कात्रणांच्या ढिगावर. मशीन थांबलं की डोकं वर, चालू झालं की खाली. एवढंच त्याचं काम. पण ते तो फार मन लावून करायचा.

काय? माप मीच दिलं? कोण म्हणतं? — तो तुकडा कशाला शोधताय, प्लायच्या शंभर तुकड्यांत तो कुठे सापडणार — हं. सापडला. साडेबावीस. निळ्या खडूने. हो, शिंप्याचाच खडू आहे, अक्षरही माझंच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? लिहिलं मी. घेतलं आमच्या व्याह्यांनी. जावयाचे वडील. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत, सगळं आयुष्य शेतं मोजण्यात गेलं, त्यांना काय कळणार कानाचं? शेताला कुठे कान असतात? घरात शिंपी असताना माप त्यांनी का घेतलं? अहो, तुमचे व्याही घरी आले आणि म्हणाले "आणा, मी मोजतो", तर तुम्ही नाही म्हणाल? मुलगी दिलीय तिथे. जरा विचार करून बोलत जा.

थांबा, सगळं सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज जाईल. व्याही आले ते दुपारी. घरात कोणी नव्हतं — म्हणजे मी होतो, पण काजं करत बसलो होतो, माझं लक्ष नव्हतं. मुलगी, जावई, नात, तिघंही सामान भरायची खोकी आणायला गेलेली. व्याह्यांनी गळ्यातली टेप काढली — माझ्या गळ्यातली, हो, माझ्याच — आणि खाली वाकले. वाकताना त्यांचा उजवा गुडघा कट्कन वाजतो. टेप दिसल्याबरोबर वकील उठून उभा, शेपूट जोरात, कान असे वर, त्याला वाटलं आता खेळ सुरू. व्याह्यांनी जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत टेप धरली, आकडा बघितला, आणि तो आकडा त्यांना आवडला नाही. — मला कसं कळलं? चेहऱ्यावर दिसतं, मिस्त्री. माणसाचा चेहरा वाचता आला नाही तर तो शिंपी कसला?

त्यांच्या मनात काय आलं असेल — आलं असेल म्हणतोय मी, आलं म्हणत नाही — की हा आकडा सुताराला दिला की पेटी होणार, आणि पेटी झाली की हा जाणार. बाकीची तर जाणारच आहेत, नऊ दिवस राहिलेत. जावयाला तिकडे परदेशात नोकरी, नातीला तिकडे शाळा, नातीचे तिकडच्या थंडीचे दोन कोट तर मीच शिवून दिलेत. त्यांच्या जाण्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं ते कुत्र्याबद्दल! महिनाभर रोज जेवताना तेच. जावई म्हणायचे, एवढा लांबचा प्रवास, अंधाऱ्या पेटीत, नको, इथेच राहू दे. मुलगी म्हणायची, सात वर्षं घरातला म्हणून वाढवला आणि आता सोडून जायचं? नात ताटात बघत बसायची. डोकं उठलं होतं माझं. शेवटी दोघंही एकदम म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच काय ते सांगा." आणि बाबा काय म्हणाले? "न्या! न्या म्हणजे न्या! मी इथे काय त्याची पूजा करू?" छाती पुढे काढून म्हणाले. वर, "पेटीचं मी बघतो" हेही म्हणाले — कोण म्हणजे? व्याहीच. जावई त्यांना बाबाच म्हणतात ना. माझी मुलगीही म्हणते. जगात काय एकच बाबा आहे?

तर टेप हातात, आकडा डोळ्यांसमोर. व्याही सरळ उभे राहिले आणि कुत्र्यावर ओरडले. काही कारण नसताना. "काय केलंस रे हे? लाज वाटते का?" — काय केलं होतं त्याने? काही नाही. चिंधीसुद्धा चघळली नव्हती. पण आवाज असा चढवला की त्याने कान पाडले, मान खाली, पाठ वाकलेली, शेपूट पोटाशी — एवढासा झाला, मिस्त्री, एवढासा. आणि तो तसा एवढासा असताना टेप लावली. साडेबावीस. खात्रीसाठी पुन्हा एकदा लावली. शिंपी माणूस दोनदा मोजल्याशिवाय — मोजणीवालेही दोनदा मोजतात! तुम्ही नाही मोजत?

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हाला आमच्या धंद्यातलं काय ठाऊक? फळीला टेप लावली तर फळी काही लाजत नाही. माणूस लाजतो. मापाला उभा राहिला की श्वास आत ओढतो, पोट लपवतो, आणि तेच माप धरून शिवलं तर पहिल्याच जेवणाला बटण तुटतं. मग आम्ही काय करतो? थाप मारतो. तीन बस अडवल्याची, कशाचीही. गिऱ्हाईक हसलं की श्वास सुटतो, आणि त्याच क्षणाला टेप आवळायची. ते खरं माप. म्हणून तर एवढ्या गोष्टी येतात मला, उगाच नाही येत. पण दम देऊन, घाबरवून मी कधी कोणाचं माप घेतलेलं नाही. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. एकदाही — पाणी आहे का जरा?

आमच्या हिलाही हेच सांगितलं, कचेरीतून घरी गेल्यावर. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्याह्यांचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे हो. मी त्या दिवशी आतल्या खोलीत पडले होते ना, मला वाटलं तुम्हीच ओरडताय." बस. पुन्हा भाजी निवडायला लागली. ओरडली असती तर दोन शब्द मलाही बोलता आले असते. आणि मुलगी! कचेरीच्या पायऱ्यांवर माझ्या दंडाला धरून म्हणते, "जाऊ द्या बाबा, मनाला लावून घेऊ नका. राहील तो तुमच्यापाशी, तुम्हालाही सोबत." मलाच समजावत होती! झालं की नाही मनासारखं? मग माणसाने खूश व्हावं की नाही? पण हा — हा गेले अकरा दिवस टेबलाखाली येत नाही, मिस्त्री. दुकानात येतो, पण दाराशी बसतो. कात्रणांचा ढीग नीट रचून ठेवला, त्याच्या आवडीचं मऊ फ्लॅनेलचं कापड वर घातलं. मशीन थांबवून बघितलं. पुन्हा पुन्हा थांबवलं. काल एक परकर शिवायला मला अख्खी सकाळ लागली. डोकं वर करत नाही. कान पाडून रस्त्याकडे बघत बसतो. ह्याला घेऊन मी इथे काय करू? असा, साडेबावीस इंचांचा?

बरं. व्याही नव्हते. बिचारे महिनाभर धाकट्या मुलाकडे राहायला गेलेत, त्यांना ह्यातलं काही ठाऊकही नाही, आणि त्यांचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत. तेवढं खोटं. बाकी सगळं खरं — कट्कन वाजणारा गुडघासुद्धा खरा, हा बघा. आणि राग कशाचा येतो सांगू? जन्मभर सगळं वाढवून सांगत आलो, कोणी कधी खरं धरलं नाही. आयुष्यात एकदाच कमी करून सांगितलं, तर तुम्ही तेवढंच नेमकं खरं धरून खिळे ठोकून मोकळे झालात! विचारायचं नाही एकदा? "शिंपीबुवा, कान धरून की कान सोडून?" — एवढं विचारलं असतंत ना, तर मी त्याच वेळी —

नसतं सांगितलं. खरंय.

परवा सकाळी पुन्हा तपासणी आहे. छप्पर काढून बाजू वाढवा, नाही तर नवीन करा, तुमचं तुम्ही ठरवा. मुलीला मी सांगेन. सांगेन म्हणजे — सुताराच्या पट्टीचं पहिलं टोक तुटलेलं होतं, असं काहीतरी — नाही. सांगेन. आहे तसं सांगेन. आणि ही टेप माझ्याकडे देऊ नका, माझ्या हातात टेप बघितली की त्याचे कान पडतात. तुमची तुम्ही धरा. हाकही तुम्हीच मारा, आणि गिऱ्हाइकाला मारता तशी नको, जरा प्रेमाने मारा. मी इथे फळ्यांच्या मागे उभा राहतो.

उठला? शेपूट? — आणि कान? दोन्ही? टोकापर्यंत धरा, मिस्त्री, पार टोकापर्यंत. सव्वासव्वीस. तुमच्या भाषेत सव्वीस आणि दोन सूत. वाचून दाखवू नका, ठाऊक आहे मला, त्याच दुपारी बघितला होता मी तो आकडा. लिहा. तुमच्या पेन्सिलीने लिहा, आणि तो निळा खडू आधी पुसा. लिहिलंत? मग टेप गुंडाळा हळूच, आवाज करू नका, आणि मला उगाच बोलायला लावू नका आता. त्याला जरा वेळ तसाच उभा राहू दे.