सासऱ्याचा बोकड

तर त्या पुस्तकांचं ऐका. माझी नात शिवलीला लगीन होऊन हैदराबादला जायलती. जायच्या आधी पंचवीस पुस्तकांची चळत माझ्या खाटंवर आणून ठेवली. सगळी मिळून एकच गोष्ट, जादूगारांची, हसायची.

"आप्पा, फोनवर तुम्ही नुसतं 'जेवलीस का' इचारून ठेवून देताव. हे वाचा, मग बोलायला काहीतरी ऱ्हाईल."

"चौथी शिकलेला माणूस मी. मरायच्या आत सरंल का हे?"

तिचं तोंड पडलं. म्हणून चळतीतलं मधलंच एक ओढून काढलो.

"आप्पा, ते बारावं हाय! पहिल्यापासून वाचा की."

"औरादच्या बाजारात ज्वारी घेताना मी पोत्यात खोल हात घालून बघतो. वर तर सगळेच चांगला माल ठेवत्यात."

त्या बाराव्यात एक जादूगार सासऱ्याला बोकड करून बसलाय, अन् बोकड तरीबी जावयाला अक्कल शिकवायलाय. हसून हसून माझा चष्मा पडला.

ती सासरी गेल्यावर मीच फोन लावलो. "त्या सासऱ्याला बोकड कामून केला गं?"

"सांगत न्हाई. पहिलं पुस्तक उघडा."

उघडलो. आता रोज तासभर बोलणं चालतंय. पोरगी जेवली का न्हाई, ते मात्र नातजावयाला इचारावं लागतंय.