कुंपणापलीकडचा बांबू

...आणि वर ती माझेच आभार मानते. कुंपणावर ओणवी होऊन म्हणते, "तोवाको, तुझ्यामुळे गं, नाहीतर माझा बांबू कसला जगतोय," आणि मी आपली फावडं धरून हसते. करणार काय? आता तुम्ही म्हणाल, हिला हेवा वाटतो. तुम्हाला सांगते, मला हेवा अजिबात वाटत नाही.

ही हिनाको आमची शेजारीण, पहिलीपासून माझ्याच बाकावर बसलेली. मी बागा आखायला शिकायला थेट हॉलंडला गेले, ही इथेच, उत्तर जपानातल्या आसाहिकावात राहिली, घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे केस कापते. मी परत आले ती काहीतरी करून दाखवायचं म्हणून. इथे बघावं तिथे अंगणावर डांबर ओतून गाड्या उभ्या... माणसांनी हिवाळाभर पांढरं बघायचं आणि उन्हाळाभर काळं? मी बाबांना म्हटलं, मागच्या अंगणात बांबूचं बन करते, लोक बघायला येतील. बाबा म्हणाले, "उणे पंचवीसमध्ये? बांबूला स्वेटर विणणार का?" मग म्हणाले, "कर बाई. पुढच्या जूनमध्ये डांबरवाले येणार आहेत. तेव्हा एक तरी हिरवं पान दिसलं तर अंगण तुझं. नाहीतर तिथे माझी गाडी."

मग मी बांबू निवडला. निवडला म्हणजे, मुलीला स्थळ बघतात तसा निवडला. मूळ कुठलं, थंडी किती सोसतो, पसरतो की एका जागी राहतो, चारित्र्य कसं... शेवटी चीनच्या डोंगरातला एक ठरवला. सडपातळ, काळसर, उणे पंचवीस सहज सोसणारा. आणि हिनाकोने काय निवडलं? काही नाही. मी परत यायच्या आधी कधीतरी मामाबरोबर रानात कोंब खुडायला गेली, येताना सासाचा एक गड्डा उपटून आणला. सासा, म्हणजे इथल्या डोंगरांवर माजलेला खुजा बांबू, ज्यात अस्वलं लोळतात तो. कुंपणाला खोचला, आणि असा फोफावला की गिऱ्हाइकं केस राहिले बाजूला, आधी मागे जाऊन बांबू बघतायत. "काय हिरवागार गं." मग कुंपणावरून माझ्याकडे नजर टाकून, "तुझे अजून लहान आहेत, नाही का?" पण हेवा? छे.

हिवाळा आला. आमच्याकडे झाडं पेंढ्याच्या चटयांत गुंडाळतात. मी म्हटलं, माझा बांबू असा गुंडाळून ठेवायला आणलेला नाही. रोज सकाळी मऊ झाडूने एकेका काडीवरचा बर्फ झटकायचे, न जाणो वाकला तर, मोडला तर... आणि तो झटकलेला, उपसलेला बर्फ टाकायचा कुठे? तुम्हीच सांगा. कुंपण बुटकं, पलीकडे मोकळी जागा... म्हणजे मोकळी नव्हती, तिचा सासा होता. आता फावडं वळलं तिकडे वळलं. शेजाऱ्याच्या हद्दीत बर्फ टाकला की इथे पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं, मला माहीत आहे, पण ती दिवसभर दुकानात. आधी नुसते शेंडे बुडवले, मग हुरूप आला. पुढे तर मी रस्त्यावरचासुद्धा बर्फ घसरगाडीवर घालून मागे आणायला लागले. बाबा म्हणाले, "पोरगी मेहनती निघाली." तिच्या बांबूचं नावनिशाण नाही, नुसती पांढरी टेकडी. मला इतकी शांत झोप लागायची म्हणून सांगू...

एप्रिलमध्ये बर्फ ओसरला. माझा बांबू वारा खाऊन खाऊन केरसुणी झालेला. हात लावला की कांडी मोडायची. आणि पलीकडे टेकडी वितळतेय, तिच्यातून एकेक काडी टणकन उभी राहतेय, हिरवीगार, पांघरुणातून उठल्यासारखी. पांघरूण... तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बर्फाखाली ऊबच असते हो. वर उणे पंचवीस असेना, खाली वारा नाही, गारठा बेताचा. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चित्रासकट.

जूनमध्ये डांबरवाले यायच्या तोंडावर बाबा मापं घ्यायला अंगणात गेले आणि तिथूनच म्हणाले, "तोवाको, जगला की गं तुझा चिनी." बघते तर कुंपणाखालून सरपटत आलेले जाडजूड कोंब, वर पानं. चिनी कसला, सासाच तो. खरं बोलावं तर अंगण गेलं. मी कोंबांना आळं करायला बसले. तर ही हिनाको कुंपणावरून, "काका, तो माझा आहे."

"मग हिचं त्यात काय?"

"हिचं? अहो काका, हिने स्वतःचा बांबू उघडा टाकला आणि हिवाळाभर माझ्या बांबूवर दुलई घातली. रस्त्यावरून बर्फ ओढून आणायची, मी खिडकीतून बघत होते. एवढं कोण करतं हो?"

बाबांचे डोळे भरून आले. "पान हिरवं आहे ना? मग अंगण तोवाकोचं," म्हणाले, आणि कोंब खुडून मिसोचं सार करायला घेतलं. हिनाकोला जेवायला बोलावलं. तिने दोनदा वाढून घेतलं.

आता पुन्हा बर्फ पडतोय. डांबर टळलं, अंगण हिरवं झालं, लोक खरंच बघायला येतात... हिनाकोचा बांबू कुठवर पोचला ते बघायला. बाबा खिडकीतून विचारतात, "पोरी, तिच्याकडे टाकतेस ना?" आणि ती मागच्या दारात येते, हातात कात्री, "तोवाको, जरा डावीकडे टाक ना गं, तिथे दुलई पातळ झालीय."

टाकते. डावीकडे टाकते. हेवा करायलासुद्धा रिकामा वेळ लागतो हो, इथे फावडं खाली ठेवायची सोय नाही.